बी.एस्सी. (परराष्ट्र)

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात चार वर्षं आंतरराष्ट्रीय संबंध शिकलं की जी पदवी हातात पडते, तिचं नाव आहे 'बॅचलर ऑफ सायन्स इन फॉरेन सर्व्हिस'. मराठीत सांगायचं तर बी.एस्सी., विषय परराष्ट्रसेवा. एडमंड वॉल्श नावाच्या जेझुइट पाद्र्याने ही शाळा १९१९ साली काढली. गंमत म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्रसेवेला आजचं रूप आलं ते १९२४ सालच्या रॉजर्स कायद्याने. म्हणजे नोकरी जन्माला यायच्या पाच वर्षं आधी तिची पदवी तयार होती. आपल्याकडेही पदवी आधी आणि नोकरी पाच वर्षांनी हाच क्रम आहे, पण आपण त्याचा अभिमान बाळगत नाही.

आमच्या मजल्यावरच्या एका मुलीने बारावीनंतर हेच शिकायचं मनावर घेतलं, तेव्हा पदवीतल्या 'सायन्स' या शब्दाने फार मोठं काम केलं. 'पोरगी आर्ट्सला चालली' ही बातमी आपल्या मध्यमवर्गात अजूनही दार लोटून घेऊन सांगतात. 'सायन्सच आहे ते' असं कळल्यावर तिच्या काकांचा चेहरा उजळला. "पीसीएम की पीसीबी?" त्यांनी विचारलं. "फॉरेन," तिने सांगितलं. काकांनी समजूतदारपणे मान हलवली. नवीन ग्रुप निघाला असेल, आणि नावावरून तरी वजनदार वाटत होता.

मी रोज पेपर वाचतो आणि त्यातलं जगाचं पान आधी उघडतो. एवढ्या भांडवलावर मजल्याच्या परराष्ट्र खात्यात माझी नेमणूक झालेली आहे. त्यामुळे अभ्यासक्रमाच्या अटी छापून घेऊन मुलगी, तिचे आईवडील आणि आजी असं सगळं शिष्टमंडळ माझ्याकडे आलं. "तुम्ही एकदा नजर टाका, म्हणजे बरं," असं तिचे वडील म्हणाले. नजर टाकली, आणि ती बराच वेळ वर येईना.

अर्थशास्त्राचे पेपर चार: सूक्ष्म, समग्र, आंतरराष्ट्रीय व्यापार आणि आंतरराष्ट्रीय वित्त. इतिहास आहे, तोही एका खंडाचा वाचून भागत नाही. राज्यशास्त्र आहे, राजकीय तत्त्वज्ञान आहे, लेखन आहे. त्याशिवाय ही जेझुइटांची संस्था, त्यामुळे ईश्वरशास्त्र आहे. त्यात 'प्रॉब्लेम ऑफ गॉड' या नावाचा एक प्रसिद्ध पेपर आहे. वडील म्हणाले, "चार पेपर अर्थशास्त्राचेच असतील तर बी.कॉम. काय वाईट? घरी राहून होईल." आजींचं लक्ष ईश्वरशास्त्रावर होतं. "देवाचा प्रॉब्लेम?" त्या म्हणाल्या. "आपले काय थोडे आहेत, म्हणून त्याचे शिकायला इतक्या लांब जायचं?"

या सगळ्या यादीत मला मनापासून आवडली ती सगळ्यात लहान अट. 'मॅप ऑफ द मॉडर्न वर्ल्ड' असा एक क्रेडिटचा पेपर आहे. पदवीसाठी १२० क्रेडिट लागतात, त्यातलं हे एक, पण चुकवता येत नाही. कुठला देश कुठे आहे, त्याची सीमा तिथेच का पडली, शेजारी कोण, एवढंच शिकायचं. माझं स्पष्ट मत आहे की बाकीची ११९ क्रेडिटं वादाचा विषय आहेत, हे एक नाही. चर्चासत्रात तास तास बोलणारी, पण मालदीव आणि मॉरिशस यांची खुशाल अदलाबदल करणारी माणसं मी ऐकलेली आहेत. त्यांना नकाशासमोर उभं केलं असतं तर श्रोत्यांचं पुष्कळ आयुष्य वाचलं असतं. वडिलांनी मात्र वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. वर्षाची फी साठ हजार डॉलरच्या वर, म्हणजे एका क्रेडिटला दोन हजार डॉलर. नकाशा दीड लाखाच्या पुढे गेला. "नवनीतचा घरात आहे," ते म्हणाले.

नकाशाच्या बाबतीत आपल्या मुलांची एक खास अडचण आहे. महाराष्ट्र बोर्डाचं दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोनच देशांवर बेतलेलं आहे. त्यामुळे आपल्या दहावी पास मुलाला अख्ख्या जगात परका देश असा एकच ठाऊक असतो, पण तो इतका ठाऊक असतो की खुद्द ब्राझीलच्या वकिलातीतल्या माणसाला घाम फुटावा. अॅमेझॉनचं खोरं, पँटानलची दलदल, ब्राझीलची उच्चभूमी, रेल्वेपेक्षा रस्ते जास्त का आणि लोकवस्ती किनाऱ्यालाच का, सगळं सकारण लिहून देईल. शेजारच्या बोलिव्हियाबद्दल विचारलं तर 'ते पुस्तकात नाही' म्हणेल. आमची मुलगीही याच घाण्यातून निघालेली. परराष्ट्र धोरणाची तिची तयारी एका देशापुरती अत्यंत भक्कम होती.

मग येते भाषा. नुसता भाषेचा पेपर देऊन इथे सुटका नाही. त्या भाषेत तोंडी परीक्षा असते. परीक्षक समोर बसतात आणि जगाच्या भानगडींवर विद्यार्थ्याला बोलतं करतात. पुण्यात ही अट ऐकून कोणी घाबरत नाही. रानडे इन्स्टिट्यूटच्या जिन्यावरून एकदा तरी चढला नाही असा माणूस पेठांत सापडणं कठीण, आणि मॅक्स म्युलर भवनाची 'ए-वन' पातळी तर आपल्याकडे लहानपणच्या लसीसारखी प्रत्येक चांगल्या घरात टोचून घेतलेली असते. मुलीचंही जर्मन ए-वन झालेलं होतं. ए-वनमध्ये माणूस स्वतःचं नाव सांगतो, बाजारात बटाटे किती असं विचारतो आणि स्टेशन कुठे आहे हे विचारून उत्तर न समजता आभार मानतो. जॉर्जटाऊनमध्ये याच भाषेत युरोपच्या ऊर्जाधोरणावर बोलायचं असतं. दोहोंमधलं अंतर बटाट्यांनी भरून निघत नाही.

अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, तेव्हा स्पॅनिशसारख्या भाषेला साधारण तीस आठवडे धरतं आणि अरबी, चिनी, जपानी, कोरियन यांना ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले २२०० तास. हिंदी मधल्या गटात आहे, ११०० तासांच्या. हे वाचून मला बरं वाटलं. मुंबईच्या रिक्षात बसून आपण जी हिंदी बोलतो, तिला किती तास लागतील हे मात्र त्यांनी मोजलेलं दिसत नाही.

आता सिद्धांत. हा विषय विद्यापीठात शिरला कसा, ही कथा मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगितली असती. १९१९ साली पहिलं महायुद्ध संपल्यावर वेल्समधल्या अॅबरिस्टविथ या समुद्रकाठच्या छोट्या गावातल्या कॉलेजला डेव्हिड डेव्हिस या धनिकाने आणि त्याच्या बहिणींनी वीस हजार पौंड दिले. आजोबांनी कोळसा आणि रेल्वेत कमावलेला पैसा, नातू खंदकातलं युद्ध डोळ्यांनी पाहून आलेला. पुन्हा असं होऊ नये म्हणून राष्ट्राराष्ट्रांतल्या संबंधांचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हावा, ही तळमळ. अध्यासनाला नाव दिलं अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं. विल्सननी राष्ट्रसंघाची कल्पना जगाच्या गळी उतरवली, पण स्वतःच्या सिनेटच्या गळी काही उतरवता आली नाही. नाव ठेवतानाच पुढचा अभ्यासक्रम ठरला म्हणायचा.

या अध्यासनावर जगातले आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले प्राध्यापक म्हणून आल्फ्रेड झिमर्न आले. मोठे विद्वान, ग्रीक संस्कृतीचे जाणकार. शांतता कशी टिकवावी हे शिकवण्यासाठी नेमलेल्या या गृहस्थांचं फ्रेंच शिकवणाऱ्या सहकारी प्राध्यापकाच्या पत्नीशी सूत जमलं. सीमा ओलांडली गेली, कॉलेजात गदारोळ झाला आणि दोन वर्षांत झिमर्नना गाव सोडावं लागलं. बाईंचा घटस्फोट झाला, १९२१ साली दोघांचं लग्नही झालं. इतिहासातला पहिला आंतरराष्ट्रीय संबंध विभाग इंग्रजी-फ्रेंच संबंध ताणून मोकळा झाला, आणि तेही वर्गाबाहेर. १९३० मध्ये ऑक्सफर्डने याच झिमर्नना याच विषयाचं अध्यासन दिलं. प्रात्यक्षिकाचा अनुभव असलेला माणूस कोणत्याही संस्थेला हवाच असतो.

पुढे १९३६ साली त्याच अॅबरिस्टविथच्या खुर्चीवर ई. एच. कार बसले. शांततेसाठी दिलेल्या पैशावर बसून त्यांनी पुस्तक लिहिलं ते शांततेची स्वप्नं बघणाऱ्या भाबड्या मंडळींची सालं काढणारं. ते १९३९ मध्ये, युद्ध पेटलं त्याच सुमारास, बाहेर आलं. देणगीदाराला काय वाटलं असेल! डेव्हिस भयंकर नाराज होते. पण अध्यासन दिलं की दिलं. मंदिराच्या पायरीवर कोरलेल्या नावासारखं ते परत घेता येत नाही.

आज हा विषय मुख्यतः तीन पंथांत विभागला गेला आहे, आणि तिन्ही समजायला चार वर्षं लागतात यावर माझा विश्वास नाही. वास्तववादी म्हणतात, प्रत्येक राष्ट्र आपल्याच पोळीवर तूप ओढणार. उदारमतवादी म्हणतात, विना सहकार नाही उद्धार; हे वाक्य आपल्याकडे जिल्हा बँकांच्या भिंतीवर असतं आणि बँकेचं पुढे काय होतं हेही आपल्याला ठाऊक असतं. तिसरे रचनावादी. अलेक्झांडर वेंट यांनी १९९२ साली एका गाजलेल्या लेखात सांगितलं की राष्ट्रांमधली अराजकता ही राष्ट्रं मानतील तशी असते. मानला तर देव, नाही तर धोंडा. एवढं सांगून मी मुलीला म्हटलं, "झालं तुझं पहिलं वर्ष." तिने ते वहीत लिहून घेतलं. माझ्या बोलण्याची कोणी वहीत नोंद करावी, असं आयुष्यात क्वचित घडतं. मी आणखी एक चहा मागितला. तो आजींनी त्यांच्या घरून करून आणला, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

पाश्चात्त्यांच्या पुस्तकात सगळं १६४८ पासून सुरू होतं. वेस्टफालियाचा तह झाला, सार्वभौम राष्ट्र नावाची चीज जन्मली, वगैरे. इतिहासकार आता हे तितकंसं खरं मानत नाहीत, पण परीक्षेत लिहावं लागतं. त्या तहाची बोलणी ओस्नाब्रुक आणि म्युन्स्टर अशा दोन गावांत वर्षानुवर्षं चालली होती, आणि कोणी कोणाच्या आधी दारातून आत यायचं, यावरच पुष्कळ वेळ गेला. त्याच १६४८ साली इकडे जिंजीजवळ शहाजीराजांना आदिलशाहीने कैद केलं. शिवाजी महाराजांचं वय त्या वेळी अठरा, म्हणजे आजच्या हिशेबात एफ.वाय. त्यांनी शहाजहानचा मुलगा मुरादबक्ष याच्याशी पत्रव्यवहार करून विजापूरच्या डोक्यावर मोगलांची छाया आणली, आणि पुढच्या वर्षी कोंढाणा सोडून वडिलांना सोडवलं. तिकडे तीन पंथांत जे शिकवतात ते सगळं इथे एका प्रकरणात आलं, आणि तोंडी परीक्षा थेट दिल्लीश्वराच्या घराण्यापुढे.

आणि कौटिल्य? म्हैसूरच्या ग्रंथालयात शामशास्त्रींच्या हाती 'अर्थशास्त्रा'ची पोथी लागली आणि १९०९ साली ती छापून निघाली. त्यातला मंडलसिद्धांत आता परदेशी अभ्यासक्रमांतही मानाने शिकवतात: लगतचा राजा शत्रू, शत्रूच्या पलीकडचा मित्र, त्याच्या पलीकडचा शत्रूचा मित्र. गावाकडे ज्यांची शेती आहे त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. ज्याचा बांध आपल्या बांधाला लागून, त्याच्याशी तीन पिढ्या कोर्टात. त्याच्या पलीकडच्या बांधाचा धनी आपल्या लग्नात आहेर घेऊन येतो. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय, द्वैधीभाव हे सहाही उपाय मोजणीदार येण्याच्या आदल्या रात्री वापरून झालेले असतात.

"मग इथेच शिकली तर?" आईने विचारलं. रास्त प्रश्न होता. भारतात या विषयाचा पाया दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये १९५५ साली घातला गेला, आणि तिथली संस्था १९७० मध्ये जेएनयूत सामील झाली. पण तिथला भर पदव्युत्तर अभ्यासावर. पदवीपासून स्वतंत्र विषय हवा तर कोलकात्याचं जादवपूर आहे, काही नवी खाजगी विद्यापीठं आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी राज्यशास्त्राच्या बी.ए.मध्ये त्याचा एखादा पेपर. आणि आता महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण आलं आहे. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी, सीईपी, सीसी. एक वर्षाने बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. नाटो, आसिआन आणि ब्रिक्स पाठ करण्याआधी आद्याक्षरांचा इतका कसून सराव जगात दुसरीकडे कुठे मिळत नसेल.

कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसलेली, पण सगळ्यांनी मनातल्या मनात धरलेली एक अट म्हणजे एम.यू.एन. संयुक्त राष्ट्रांच्या सभेची ही नक्कल शाळाशाळांत चालते. मे महिन्याच्या उकाड्यात मुलं कोट घालून, टाय आवळून बसतात. समोर देशाच्या नावाची पाटी. 'मी' म्हणायचं नाही. 'फ्रान्सच्या प्रतिनिधीला असं वाटतं' असं म्हणायचं. आमच्या मुलीच्या वाट्याला किरिबाती हा देश आला होता. प्रशांत महासागरात, चारही गोलार्धांत पाय पसरलेला देश. त्याचा उच्चार 'किरिबास' असा आहे हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं, तोवर ती त्या देशाच्या वतीने समुद्राच्या वाढत्या पातळीवर तीनदा बोलून झाली होती. कोणी ऐकलं नाही. खऱ्या सभेतही फारसं ऐकत नाहीत, तेव्हा नक्कल अस्सल होती. महासभेत किरिबातीलाही एक मत आणि भारतालाही एकच, हे तिने तिथे पाहिलं आणि सुरक्षा परिषदेत नकाराधिकार पाचच जणांना, हेही पाहिलं. ते पाचही देश नेमके आयोजक शाळेच्या मुलांकडे होते.

उकडायला लागलं तर नुसतं 'पंखा लावा' म्हणता येत नाही. पाटी वर करून 'पॉइंट ऑफ पर्सनल प्रिव्हिलेज' मागायचा, अध्यक्षांनी परवानगी द्यायची, मग पंखा. आणि तो ठराव! त्याची प्रस्तावना 'तीव्र चिंता व्यक्त करून', 'स्मरण करून', 'दखल घेऊन' अशी पानभर चालते, सगळं मिळून एकच वाक्य, कारण पूर्णविराम शेवटीच द्यायचा असा नियम. त्यानंतर कलमं, त्यात 'आवाहन करते' म्हणायचं की 'आग्रह धरते' यावर पाऊण तास. आपल्याकडे सूचक, अनुमोदक आणि टाळ्या एवढ्यात साखर कारखाना उभा राहतो.

इतका सगळा अभ्यास ज्या नोकरीच्या नावाने करायचा, तिची अट काय? हे मी मुद्दाम शोधलं. अमेरिकेच्या परराष्ट्रसेवेत अधिकारी व्हायला कोणतीही ठरावीक पदवी लागत नाही. पदवीच लागत नाही. परकी भाषाही यायला हवी असं नाही, ती ते नंतर शिकवतात. परीक्षा द्यायची, वयाची अट पाळायची आणि अमेरिकेचा नागरिक असायचं. नेमकी ही शेवटची अट आमच्या मुलीला चार वर्षांत, १२० क्रेडिटांत आणि नकाशाच्या पेपरात कुठेच पुरी करता येणार नव्हती. भारताच्या परराष्ट्रसेवेत जायला पदवी लागते, पण कुठलीही चालते. डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत. एस. जयशंकर यांची पहिली पदवी रसायनशास्त्राची. ते संबंधांकडे नंतर, जेएनयूत वळले. म्हणजे परराष्ट्रमंत्र्यांचं पदवीचं सायन्स खरोखरचं सायन्स. दुसऱ्या बाजूला जॉर्जटाऊनची बी.एस्सी. परराष्ट्र १९६८ साली घेतलेले बिल क्लिंटन कधीच परराष्ट्रसेवेत गेले नाहीत. पुढे अध्यक्ष झाले. बाकी पुष्कळसे पदवीधर बँकांत, सल्लागार कंपन्यांत आणि थिंक टँकमध्ये जातात, आणि तिथे अर्थशास्त्राचे ते चार पेपर उपयोगी पडतात. वडिलांचं बी.कॉम. अगदीच चुकीचं नव्हतं.

हे सगळं ऐकूनही मुलगी ढळली नाही. त्यावरून ती या विषयासाठी लायक आहे, हे माझ्या ध्यानात आलं. आता उरली एकच परीक्षा, माहितीपत्रकात कुठेच न छापलेली: वांद्रे-कुर्ला संकुलातली अमेरिकन वकिलातीची खिडकी. तिकडच्या कायद्यातलं कलम २१४-ब सांगतं की व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथेच राहायच्या इराद्याने आलाय असं आधी धरायचं; तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. राष्ट्राराष्ट्रांत विश्वास कसा वाढवावा हे शिकायला निघालेल्या मुलीने आधी सिद्ध करायचं की तिला ते राष्ट्र फारसं आवडत नाही. आणि काचेपलीकडे बसलेला माणूस असतो कोण? अमेरिकेच्या परराष्ट्रसेवेतला नवा अधिकारी. सुरुवातीच्या नेमणुकांत त्यांना बहुधा व्हिसाच्या खिडकीवरच बसवतात. कदाचित तोही बी.एस्सी. परराष्ट्र असेल, देवाचा प्रॉब्लेम सोडवून, चार पेपर अर्थशास्त्र करून, आता दिवसभर 'फी कोण भरणार?' विचारत बसलेला.

म्हणून आम्ही रंगीत तालीम ठेवली. मी जेवणाच्या टेबलापलीकडे अधिकारी म्हणून बसलो, ती अलीकडे उभी. आजी सोफ्यावर निरीक्षक.

"काय शिकणार?"

"आंतरराष्ट्रीय संबंध."

"शिकून काय करणार?"

"भारतात परत येऊन परराष्ट्रसेवेची परीक्षा देणार."

"त्या परीक्षेला ही पदवी लागते?"

"नाही," ती म्हणाली. "तुमच्या नोकरीला लागली होती का?"

"उलट बोलू नकोस गं," सोफ्यावरून आजी म्हणाल्या, "साहेब आहेत ते."

मी कलम २१४-ब लावून व्हिसा तिथल्या तिथे नाकारला. आजी काही बोलल्या नाहीत. उठल्या, माझ्यासमोरचा अर्धा चहाचा कप उचलला आणि घरी निघून गेल्या. निर्बंधांचा परिणाम व्हायला वर्षं लागतात असं तज्ज्ञ म्हणतात. मी दहा मिनिटांत फेरविचार केला.